बांगडीची निशाणी

माझ्या मायला लिहिता येत नव्हतं, बाबांनाही नाही. आमच्या कोरीट गावात तेव्हा ज्याला सही करता यायची नाही तो कागदावर आपल्या हत्याराचं चित्र काढायचा. शेतकरी असेल तर नांगर, सुतार असेल तर वाकस, आणि बाईमाणूस असेल तर बांगडी. तलाठ्याच्या कागदावर, खरेदीखतावर, अगदी कोर्टातही ती निशाणी चालायची. कारकून शेजारी बारीक अक्षरात लिहायचा, ‘निशाणी नांगर, दस्तुर खुद्द’. पुढे अंगठ्याची पद्धत आली, पण बाबांना ती कधी पटली नाही. शाईनं हात काळे करून घ्यायला आपण काय चोरी केली आहे, असं ते म्हणायचे.

बाबांचा नांगर पाच रेघांचा होता आणि दर वेळी वेगळा यायचा. घाईत असले तर फाळ लांब, निवांत असले तर रुमण्याची मूठसुद्धा काढायचे. मायची रीत निराळी. ती हातातली काचेची एक बांगडी उतरवायची, कागदावर ठेवायची आणि आतल्या कडेनं पेन्सिल फिरवायची. बाकीच्या बांगड्या हातातच असायच्या, कारण हात उघडा पडू द्यायचा नाही. मग ती एक पुन्हा चढवायची. चढवताना ओठ आवळायची, तिचा पंजा रुंद होता.

हे मी इतकं बारकाईनं सांगू शकतो, कारण पुढे दोन वर्षं हीच चित्रं बघत बसणं हा माझा उद्योग झाला. मी अक्षरांचं शिक्षण घ्यायला विलायतेला गेलो होतो.

दुसऱ्या लढाईच्या आधीची ती वर्षं. धुळ्याला शाळा, मुंबईला चित्रकला, मग परत धुळ्याला एका छापखान्यात खिळे जुळवण्याचं काम, असा माझा प्रवास. खिळे म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं. इंग्रजी जुळवणाऱ्याला समोर दोन पेट्या पुरायच्या. मराठी जुळवणारा बापडा दिवसभर चार-पाच पेट्यांसमोर येरझाऱ्या घालायचा, कारण काने, मात्रा, जोडाक्षरं धरून आमच्या खिळ्यांची घरं शेकड्यांत जायची. यावर तोडगा म्हणून मी काहीबाही चित्रं काढून मालकांना दाखवायचो. मालकांनी ती आणखी कुणाला दाखवली आणि एका संस्थानिकाची शिष्यवृत्ती मला मिळाली. एडिंबरोला छपाईच्या शाळेत दोन वर्षं शिकायचं आणि मराठीसाठी नव्या वळणाची अक्षरं काढून आणायची, असं ठरलं.

गावात याची पुष्कळ थट्टा झाली. पारावरचे एक म्हातारबा मला म्हणाले, “अक्षरं ते तू चवथीमाच शिकना ना? आते परत कसाले?” मी समजावायला गेलो, खिळ्याचा साचा, रेघेची जाडी वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे नापास व्हयना व्हता.” सगळा पार हसला. मीही हसलो. मला तेव्हा हसता यायचं.

घरात मात्र कुणी हसत नव्हतं, कारण बाबांचा खोकला. दोन पावसाळे झाले तरी तो हटत नव्हता. नंदुरबारच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बघितलं आणि ‘जपा’ म्हणून सांगितलं. जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे शेतकऱ्याला कुणी सांगत नाही. मी जाऊ की नको, हे महिनाभर चाललं. शेवटी बाबाच म्हणाले, “जाय तू. काही वाटनं ते तार करसूत.” मी त्यांना आणि मायला समोर बसवून कबूल केलं, की तार आली की मिळेल त्या पहिल्या बोटीनं निघेन, शिक्षण गेलं चुलीत. मायनं माझ्याकडे बघितलं. नंदुरबार स्टेशनवर दोघंही सोडायला आले. गाडी सुटेपर्यंत बाबा खोकला दाबून उभे होते, आणि मी ते बघून न बघितल्यासारखं केलं.

एडिंबरो हे गाव काळं आहे. दगड मूळचा पिवळट, पण हजारो चुलींच्या धुरानं त्याला काजळी धरलेली. मधोमध खडकावर किल्ला. त्या किल्ल्यावरून दुपारी एकला तोफ सुटायची आणि रस्त्यातले लोक खिशातली घड्याळं काढून लावून घ्यायचे. जुन्या भागात सहा-सहा मजल्यांची दगडी घरं, मधे खांदा घासेल अशा गल्ल्या. इतिहास म्हणाल तर पावलापावलाला, या दारात अमका राजा, त्या खिडकीत तमकी राणी. मी ते सगळं हिंडून पाहिलं आणि मला काही वाटलं नाही. थंडीच इतकी होती की आणखी काही वाटायला जागा उरत नसे.

माझी घरमालकीण पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. तिचा नवरा पहिल्या लढाईत गेला होता, हे मला आठ महिन्यांनी कळलं. बोटात लग्नाची अंगठी होती, तेव्हा नवरा असेल कुठे बाहेरगावी, असं मी धरून चाललो होतो. आमच्याकडे बाईचे हात बघितले की घरचं कळतं. तिकडे तसं कळत नाही, याची मी नोंद घेतली आणि पुढे निघालो.

शाळेतले मास्तर म्हातारे होते. तरुणपणी ते पोलादाच्या काडीवर अक्षरं कोरायचे आणि त्या कामानं उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झालेली. त्यांचा पहिला धडा हा, की कागद उलटा धरायचा. डोकं खाली, पाय वर. “वाचायचं विसरा,” ते म्हणायचे. “वाचणाऱ्याला अर्थ दिसतो, अक्षर दिसत नाही.” उलट्या कागदावर रेघ कुठे जाड झाली, गोल कुठे पिचकला, दोन अक्षरांत फट कुठे जास्त पडली, ते झटकन दिसतं. हे अगदी खरं आहे. आजही मी लग्नाची पत्रिका आधी उलटी धरतो आणि घरचे कपाळावर हात मारतात.

मला हा धडा फार मानवला. बाकीचं काही धड कळत नव्हतं. तिथल्या लोकांचं इंग्रजी निम्मं घशातलं, जेवण बेचव, हिवाळ्यात आकाश दुपारीच मिटणारं. पण कागद उलटा धरला की सगळं गप्प व्हायचं. मग मी सगळंच तसं बघायला लागलो, दुकानाच्या पाट्या मान वाकडी करून, वर्तमानपत्रं, बिस्किटांचे डबे, घरची पत्रंसुद्धा.

शनिवारी मास्तर आम्हाला जुन्या दफनभूमीत पाठवायचे. तिथल्या थडग्यांवरची अक्षरं फार सुरेख कोरलेली होती. दगडावर पातळ कागद लावायचा आणि काळ्या मेणाचा खडू घासायचा, म्हणजे अक्षर कागदावर उतरतं. पहिल्या वेळी मी घरी आलो आणि अंगावरच्या कपड्यांसकट थंड पाण्यानं अंघोळ केली. मसणातून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हे रक्तातलं. घरमालकिणीला वाटलं, मला वेड लागलं. दुसऱ्या शनिवारी केली, तिसऱ्या शनिवारी केली. पाचव्या शनिवारी फार गारठा होता, केली नाही आणि काही झालं नाही. पुढे तर मी थडग्याला टेकून पाव खायचो. कुणाचं वय ऐंशी, कुणाचं दोन महिने, ते तिथे लिहिलेलं असायचं. मी तेवढं सोडून बाकी सगळं बघायचो.

घरचं पत्र महिन्याला एक यायचं. लिहायचा थोरला भाऊ. तो मराठी पाचवी शिकलेला, त्यामुळे पत्रात शाळेतली मराठी आणि तिच्या फटीतून डोकावणारी अहिराणी. ‘चिरंजीवास अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. तीर्थरूप बाबांची प्रकृती बरी शे आहे.’ शे लिहून झालं की त्याला गुरुजींची छडी आठवत असणार, मग तो घाईनं आहे जोडायचा. खाली बाबांचा नांगर आणि मायची बांगडी. मी आधी नांगर बघायचो. नांगर आहे म्हणजे बाबा आहेत, रेघ ठाम आहे म्हणजे हातात बळ आहे. तारेची धास्ती घेऊन राहणाऱ्या माणसाला एवढा पुरावा पुरतो. मग बांगडी. तिचं माप मी एकदा सहज पट्टीनं घेतलं, दोन इंच दोन सूत, म्हणजे सव्वादोन इंच. मग दर महिन्याला घ्यायची सवय लागली. दर महिन्याला तेवढंच भरायचं.

पहिलं वर्ष असं गेलं. दुसऱ्या वर्षी मला मराठी अक्षरं काढायचं काम मिळालं. एकेक अक्षर हातभर मोठं काढायचं, मग यंत्रानं लहान करून त्याचा साचा करायचा. मी ठ घेऊन बसलो. ठ म्हणजे वर आडवी रेघ, छोटं देठ आणि खाली गोल, बस्स. सोपा वाटतो आणि जीव खातो. कंपासानं काढलेला गोल डोळ्याला गोल दिसत नाही, बसका दिसतो. तो कुठे आणि किती फुगवायचा, यात माझे तीन-चार महिने गेले. मी इतका गुंतलो की जेवायचं राहून जायचं. वर्षअखेरीला शाळेत कामाचं प्रदर्शन भरायचं. त्यात माझी सबंध वर्णमाला लागली तर पहिल्या प्रतीचं प्रमाणपत्र मिळणार होतं. त्याच सुमाराला मी घरी एक पत्र लिहिलं. त्यातली वाक्यं मला पाठ आहेत. ‘आता माझे शेवटचे वर्ष आहे. एक आठवडा जरी मोडला तरी सर्व काम वाया जाईल. तेव्हा दिवाळीस, लग्नकार्यास किंवा अन्य कारणास्तव मला मधेच बोलावू नये.’

अन्य कारणास्तव, असं मी लिहिलं. तारेचं कबूल केलेलं मी विसरलो नव्हतो. बाबा बरे आहेत असं नांगर सांगत होता, म्हणून तसं लिहिलं गेलं, अशी माझी समजूत मी पुढे करून घेतली.

खरी गोष्ट अशी होती की ते पत्र कोरीटला पोचलं तेव्हा बाबा अंथरुणावर होते. दोन महिने ते उठले नाहीत. पत्रातला नांगर भाऊ काढत होता, जुन्या खरेदीखतावरचा समोर ठेवून. कापूस वेचणीला आला त्या दिवसांत बाबा गेले. अस्थी तापीत सोडल्या, दिवस झाले, गावजेवण झालं. मला कुणी कळवलं नाही. मी तिकडे ठ फुगवत होतो.

पुढचं पत्र माझ्या हातात आलं तेव्हा बाबांना जाऊन पाच आठवडे झाले होते. मजकूर नेहमीचाच. बाबांची प्रकृती ठीक आहे, कापूस बरा उतरला, तांबड्या बैलाचा खूर आता बरा आहे. खाली नांगर, ठाम. बांगडी मात्र वाकडी. थोडीथोडकी नाही, एका अंगाला चेपलेली, रेघ थरथरलेली, आणि दोन टोकं एकमेकांना न भेटताच पुढे निघून गेलेली. मी सवयीनं कागद उलटा धरला. उलटी धरल्यावर ती आणखी वाईट दिसली. मला राग आला, हे सांगितलं पाहिजे. एका गोलासाठी मी जिवाचं रान करत होतो आणि घरून हे आलं होतं. बांगडी सरकली असेल, मायचं लक्ष नसेल, भाऊनं घाई केली असेल, असं मी म्हटलं.

तो कागद माझ्या टेबलावर पडला होता. मास्तर फिरत फिरत आले आणि त्यांनी तो उचलला. मी वहीतून आधीचं पत्र काढून शेजारी ठेवलं आणि सांगितलं, ही माझ्या आईची सही, ही पूर्वीची, ही आताची. मला वाटलं, ते रेघेबद्दल काहीतरी बोलतील. त्यांनी दोन्ही कागद सुलटे केले. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “तुमच्या आईचं सगळं ठीक आहे ना?”

“डोळे अधू झालेत तिचे,” मी म्हणालो. मायचे डोळे उत्तम होते. घरात सुईत दोरा तीच ओवायची.

“हा हात डोळ्यांमुळे थरथरलेला नाही,” मास्तर म्हणाले. “घरी विचारा.”

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर काहीतरी कळलं असतं, आणि कळलं असतं तर ठ तसाच टाकावा लागला असता. इतका सरळ विचार मी तेव्हा केला नाही, पण तो आत कुठेतरी झाला असणार. मी घरी लिहिलं, ‘मायची बांगडी या वेळी फार वाकडी आली आहे. बांगडी कागदावर घट्ट दाबून धरावी, पेन्सिल उभी ठेवावी, आणि जिथून सुरुवात केली तिथेच आणून सोडावी. एवढी साधी गोष्ट जमू नये याचे नवल वाटते.’ शेवटचं वाक्य थट्टेचं होतं. समोर बसून म्हटलं असतं तर माय हसली असती. कागदावर ते तसं दिसत नाही, हे निदान माझ्यासारख्याला कळायला हवं होतं.

मधल्या महिन्यात पत्रच आलं नाही, उत्तर यायला दीड-दोन महिने लागले. या खेपेला बांगडी अगदी सुरेख. एका दमात फिरवलेली, टोकाला टोक जुळलेलं. पट्टी लावली तर बरोबर दोन इंच, म्हणजे दोन सुतांनी लहान. मी विचार केला आणि मला कारण लगेच सापडलं. संक्रांत होऊन गेली होती, दारावर कासार आला असेल, मायनं नव्या बांगड्या भरल्या असतील. बायका नव्या बांगड्या भरतात म्हणजे घरात सगळं आबादीआबाद आहे. मी उलट टपाली लिहिलं, ‘आता बांगडी झकास आली. मायने नव्या बांगड्या भरलेल्या दिसतात. तिला शोभत असतील.’

हे मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात, दोन्ही बाजूंना समास सोडून लिहिलं, आणि तिकीट लावून पेटीत टाकलं.

प्रदर्शनात माझी वर्णमाला लागली. मास्तर ठ समोर उभे राहिले आणि एकदा मान हलवली, त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ. पहिल्या प्रतीचं प्रमाणपत्र मिळालं. ती अक्षरं पुढे कधी शिशात उतरली नाहीत. लढाई लागली, धातू मिळेना, शिष्यवृत्ती देणाऱ्यांना दुसरे उद्योग झाले. चित्रांची गुंडाळी अजून माझ्याकडे आहे आणि तिला वाळवी लागलेली नाही, हे एक आश्चर्यच. धुळ्याच्या त्याच छापखान्यात मी पुढे आयुष्यभर मुद्रितं तपासली. पण हे नंतरचं.

बोटीनं मुंबई आणि सुरतेच्या बाजूनं नंदुरबार. पावसाळा सरत आला होता. स्टेशनवर भाऊ एकटाच आला होता. मी विचारलं, “बाबा?” तो माझी पेटी उचलत म्हणाला, “घर चाल.” बैलगाडी हाकताना तो रस्ताभर शेतीचंच बोलला, कुठल्या तुकड्यात काय पेरलं, कुठे कीड पडली. मी हूं हूं करत होतो. मला तिथेच कळलं असावं. पण मी केलं काय, तर गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंगची पाटी बघितली आणि त्यातला न फार रुंद पडलाय, असं मनात टिपून ठेवलं.

माय दारात उभी होती. कपाळ कोरं. तिनं माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि काहीच वाजलं नाही. मी तिच्या हातांकडे बघितलं. रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. डोक्यात आलं ते एवढंच, की दोन इंच दोन सुतांची बांगडी आता या वाळलेल्या पंज्यावरून आपोआप गळून पडली असती. मागे वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिचे हात लहान होते आणि त्यांत हिरव्या बांगड्या होत्या. त्यांचं माप मला न मोजताच कळलं.

आईबापांचं सुतक कळल्या दिवसापासून धरतात. म्हणून मग न्हाव्याला बोलावणं गेलं आणि बाबांना जाऊन दहा महिने झाल्यावर माझं डोकं भादरलं. तापीवर अंघोळ झाली. पाहुणे यायचे, माना खाली घालून बसायचे, उठून जायचे. मी वेळेवर जेवत होतो, झोपत होतो, कुणी विलायतेचं काही विचारलं तर उत्तर देत होतो. लोक म्हणाले, पोरगा धीराचा आहे. धीर वगैरे काही नव्हता. मला नुसते आकार दिसत होते. बाबांची खाट उभी करून ठेवली होती, तिच्या नवारीच्या पट्ट्या एकसारख्या अंतरावर आहेत की नाहीत, हे मी बघत बसायचो. खाट रिकामी आहे, हे मनाला लागतच नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी माय ओसरीवर लाल मिरच्यांची देठं खुडत होती. भाऊ शेतात होता, वहिनी नदीवर. मी समोर बसलो. माय आपणहून बोलायला लागली. बाबांना जाऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा भाऊनं मला ते पत्र लिहिलं. बांगडीच्या जागी वाटी ठेवून गोल काढतो, असं तो म्हणत होता. तिनं ऐकलं नाही. “निशाणी मन्ही शे, मीच काढसू,” म्हणाली, आणि नुसत्या हातानं काढली. मग माझं पत्र आलं. भाऊ वाचता वाचता थांबला, पुढचं सांगेना. तिनं हट्टानं सगळं वाचायला लावलं.

“मंग काय करती?” माय म्हणाली. “सुननी बांगडी मागी. तिनी काढी दिधी. काही बोलनी नही.” सवाष्णीच्या हातची बांगडी विधवेनं मागावी, आणि तीही असल्या कामाला, हे तिला फार लागून राहिलं होतं. वहिनीनं तीच बांगडी परत हातात घातली, हे तर त्याहून. दर महिन्याला हे होत होतं. आणि दर महिन्याला मी तिकडे पट्टी लावून बघत होतो. नव्या बांगड्या शोभत असतील, हे वाक्य भाऊनं वाचून दाखवलं का, हे मी तिला विचारलं नाही. तिनंही त्याचं नाव काढलं नाही.

“माले सांगानं व्हतं, माय,” मी म्हणालो.

तिचा हात थांबला नाही. एक देठ, दुसरं देठ. “तुन्हा बाबा म्हणनात, धाकलाले तार करा. तीन डाव म्हणनात. भाऊ निंघना बी व्हता. मीच जाऊ दिधा नही.”

मला वाटलं, आता ती म्हणेल, तुझं शिक्षण बुडू नये म्हणून. आया असं म्हणतात. त्या उत्तराची माझी तयारी होती. त्यावर थोडं रागवायचं, मग तिला माफ करायचं, इथपर्यंत मी मनात मांडून ठेवलं होतं.

“मन्हं शिक्षण बुडी म्हनीसन?” मी विचारलं.

“नही रे,” ती म्हणाली. “तुन्हा कागद उना व्हता ना, मधमा बलावू नका असा. मी म्हनं, तार करी आनि तू उना नही ते? त्यासले मरता मरता ते बी देखनं पडी.” मग तिनं पहिल्यांदा मान वर केली. “तू उना असता का?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी आलो असतो का, हे तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. दहा महिने ती या एकाच प्रश्नापाशी बसून होती आणि त्याचं उत्तर माझ्याशिवाय कुणाकडे नव्हतं. मी त्या दिवसांतला मी आठवून बघितला. समोर टेबलावर ठ, हातात तार. मी उठतो का, टोपी घालून बोटीच्या कचेरीत जातो का, की एवढा गोल पुरा करू, तोवर दुसरी तार येते का बघू, असं म्हणतो. मी पुष्कळ प्रयत्न केला. मी तिला नुसतं हो म्हणायला हवं होतं, खोटं का होईना.

“माय, पानी दे,” मी म्हणालो.

ती उठली, माठातलं पाणी आणून मला दिलं आणि पुन्हा मिरच्यांपाशी जाऊन बसली. त्यानंतर ती बावीस वर्षं जगली. तिनं परत कधी विचारलं नाही.